पिकअपचे दुखणे ओळखताना

पिकअप गाडी बिघडली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘काय गेले?’ हा. सेल्फ गेला असेल, पंप गेला असेल, क्लच प्लेट गेली असेल, असे अंदाज बांधत गाडी गॅरेजच्या दारात जाते आणि एकेक सुटा भाग बदलत, खिसा बऱ्यापैकी हलका झाल्यावर, खरे कारण हाती लागते. माझ्या मते ‘काय गेले’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘त्रास केव्हा होतो’ हा असायला हवा. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, गाडी रिकामी असताना की भरलेली असताना, चढाला की उताराला, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, हे नेमके सांगता आले तर संशयितांची यादी निम्म्याहून लहान होते, आणि तेवढ्यापुरता पाना हातातही घ्यावा लागत नाही.

निफाड तालुक्यातून कांदा, टोमॅटो आणि हंगामात द्राक्षे घेऊन माझी गाडी पिंपळगाव बसवंत, लासलगाव आणि वाशी या बाजारांच्या फेऱ्या करते. डिझेल इंजिन, ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक अशी ही आपल्याकडची सर्वसाधारण पिकअप आहे, आणि खाली जे लिहिले आहे ते या बांधणीच्या बहुतेक गाड्यांना लागू पडेल. वाशीला जाताना भरलेली गाडी कसारा घाट उतरते, तेव्हा परीक्षा ब्रेकची असते. परतीचा माल घेऊन तीच गाडी इगतपुरीकडे चढते, तेव्हा परीक्षा रेडिएटरची आणि क्लचची असते. एकाच रस्त्यावर दोन वेगवेगळ्या तक्रारी का उद्भवतात, याचे उत्तर या एवढ्याशा गोष्टीत आहे.

सकाळी गाडी चालू न होणे ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार असल्याने तिच्यापासून सुरुवात करतो. किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येते याकडे कान द्यावा. काहीच आवाज न येणे, एकच ‘टक्’ होऊन थांबणे, भराभर ‘टरटर’ वाजणे, इंजिन जड जड फिरणे आणि इंजिन छान फिरूनही न पेटणे या पाच निरनिराळ्या तक्रारी आहेत. भराभर टरटर वाजत असेल आणि हेडलाइट मंदावत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले आहे. एकच टक् होते आणि दिव्यांवर फारसा परिणाम होत नाही, तेव्हा सेल्फचे कार्बन, त्याचा सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) किंवा त्याच्याकडे जाणारी जाड वायर यांच्याकडे पाहावे. इंजिन चांगले फिरत असेल तर बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष आहेत. मग शोध डिझेलच्या वाटेवर घ्यायचा.

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, आणि गाडीच्या पेटीत तो स्टेपनीइतकाच आवश्यक आहे असे मी म्हणेन. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना हा आकडा खाली येणारच, पण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तसा नसेल तर बॅटरी नवी टाकूनही दोन दिवसांनी तीच रड सुरू होते, कारण दोष बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असतो. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि पहाटेच्या गारठ्यात बॅटरीची ताकद घटते त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट होऊन फिरवण्याचे काम वाढते, त्यामुळे दिवाळीपर्यंत कशीबशी चाललेली बॅटरी डिसेंबरात हमखास मान टाकते.

तरीही बॅटरीवर खापर फोडण्यापूर्वी अर्थिंगची वायर तपासावी, कारण हा दोष इतका साधा आहे की तो कोणाच्या ध्यानातच येत नाही. बॅटरीच्या ऋण टोकापासून चासीला आणि चासीपासून इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला तांब्याची विणलेली चपटी पट्टी जोडलेली असते. ती खालच्या बाजूला असल्याने पावसाळ्यात चिखल-पाणी झेलते, हिरवी पडते आणि नटाखाली गंज धरते. एका पावसाळ्यात माझी गाडी रोज सकाळी जड फिरू लागली आणि जो तो बॅटरी बदलण्याचा सल्ला देऊ लागला. मीटर लावल्यावर बॅटरी १२.५ दाखवत होती आणि सेल्फ मारतानाही तिच्या दोन टोकांवर अकराच्या वर व्होल्ट शिल्लक राहत होते. म्हणजे ती धडधाकट होती. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगितली. ही दोन्ही ठिकाणे विजेच्या दृष्टीने जवळजवळ एकच असायला हवीत आणि फरक फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट यायला हवा, पण मीटरने दीड व्होल्टच्या वर आकडा दाखवला. गिअरबॉक्सजवळचा बोल्ट उघडला तेव्हा पट्टीच्या तारा निम्म्या तुटलेल्या होत्या आणि उरलेल्या हिरव्या पुडीने माखल्या होत्या. बसण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून नवी पट्टी कसली आणि वरून पेट्रोलियम जेली लावली, तेवढ्यावर काम संपले. मीटर नसेल तर याचीच एक कच्ची चाचणी जंपर वायरने करता येते. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन उचलण्याचा लोखंडी हूक यांना ती वायर जोडून सेल्फ मारावा; गाडी एकदम चपळ फिरली तर अर्थिंगच दोषी समजावे.

आता गाडी गरम होण्याबद्दल. आमचे जुने फिटर याबाबत फार शिस्तीचे आहेत. कोणी ‘दादा, गाडी गरम होते’ एवढेच सांगितले की ते बॉनेटला हातही लावत नाहीत; ‘उभ्यानं होते, का चढाला होते, का हायवेला होते, ते आधी सांगा भाऊ,’ असे विचारतात. या तीन शब्दांत अर्धे निदान आहे. ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते आणि पळू लागली की काटा खाली येतो, तर पाणी आणि रेडिएटर ठीक असून पंखा हवा ओढत नाही: पट्टा ढिला आहे, पंख्याचे व्हिस्कस क्लच निकामी आहे किंवा विजेच्या पंख्याचा रिले अथवा सेन्सर गेला आहे. उभी असताना ठीक, पण भर घालून चढाला लागली की काटा वर, तर पंखा फिरूनही उष्णता बाहेर पडत नाही: रेडिएटर आतून खारला आहे, बाहेरून बुजला आहे किंवा पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतो आहे. थंड इंजिन चालू करून काही मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज हाताला दगडासारखा कडक लागत असेल आणि कूलंटच्या बाटलीत सारखे बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे आणि हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा, विचार करावा लागेल. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली की लोक घाबरतात. पण पावसाळ्यात फक्त शेत ते गाव एवढीच छोटी धाव असणाऱ्या गाडीत ती नुसत्या बाष्पानेही धरते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधट असेल, तर मात्र गाडी तिथेच थांबवावी.

रेडिएटर बाहेरून बुजणे हे आमच्या भागातले खास दुखणे आहे. बाजार समितीच्या आवारात कांद्याचे सुटे पापुद्रे वाऱ्यावर उडत असतात आणि गाडी उभी असताना पंखा ते ओढून घेतो. पुढच्या जाळीतून पाहिले तर समोरचा भाग स्वच्छ दिसतो. पापुद्रे अडकतात ते एसीचा कंडेन्सर, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत, आणि त्यावर धूळ व ऑइलचा अंश बसून तिथे चक्क वाकळ तयार होते. ती पाहायची असेल तर वरचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आवरण काढून टॉर्चने वरून खाली पाहावे. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारावे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने निघतो. पुढून पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास तो आणखी आत बसतो आणि ॲल्युमिनियमच्या नाजूक पट्ट्या आडव्या होतात त्या वेगळ्याच. उन्हाळी कांद्याच्या हंगामात हे काम महिन्यातून एकदा केले तर घाटातली निम्मी तगमग टळते.

रेडिएटरच्या झाकणाला लोक नुसते झाकण समजतात, पण तो दाब राखणारा व्हॉल्व्ह आहे. साधारण १ बार दाब धरला तर साधे पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक होऊन दाब धरेनासे झाले की हे संरक्षण जाते, आणि थोड्याशा पैशांच्या भागापायी पाणी उकळून बाहेर येते. अशा वेळी गरम झाकण उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण दाब सुटताच आतले पाणी तत्क्षणी वाफ होऊन तोंडावर येते. गाडी सावलीत उभी करून होज हाताला मऊ लागेपर्यंत थांबावे. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी टाकणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे. त्यांच्या रेडिएटरमधला चुना माझ्या वतीने वाद घालतो.

गाडी ओढत नाही ही तक्रार मोघम आहे, म्हणून तिच्याबरोबर धुराचा रंग पाहणे आवश्यक ठरते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर काढून उन्हात धरावा, आणि तो ठीक असेल तर टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून) इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी होज हाताने चाचपावेत. क्लिप सरकली असेल किंवा होजला खालच्या बाजूने चीर गेली असेल, तर तिथे ऑइलचा ओला काळा डाग हमखास दिसतो. एक्सलरेटर दिल्यावर शिट्टीसारखा किंवा फुस्स असा नवाच आवाज येणे ही त्याची दुसरी खूण आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, आणि त्यात रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचे सील असे महाग संशयित येतात. पांढरा धूर थंड इंजिनावर थोडा वेळ दिसणे फारसे गंभीर नाही. इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला, त्याला गोडसर वास येत असला आणि कूलंट कमी होत असले, तर पुन्हा हेड गॅस्केटकडे वळावे लागते.

धूर नाही, पण चढाला दम लागतो आणि पाच मिनिटे बंद ठेवली की पुन्हा थोडा वेळ बरी चालते, अशी लक्षणे असतील तर इंजिन डिझेलला मोताद आहे असे समजावे. फिल्टर तुंबलेला असतो, टाकीतल्या जाळीवर गाळ बसलेला असतो, किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद झालेले असते; झाकण उघडताच ‘स्स’ करून हवा आत शिरली आणि गाडी लगेच सुधारली, तर हा तिसरा प्रकार आहे. फिल्टरच्या तळाचा निचरा-स्क्रू पावसाळ्यात अधूनमधून सोडून काचेच्या बरणीत थोडे डिझेल घ्यावे आणि ते स्थिर होऊ द्यावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. फिल्टर बदलल्यावर मात्र आत हवा राहते. तेव्हा नुसता सेल्फ मारत बॅटरी उतरवण्याऐवजी डिझेलच्या वाटेवरचा छोटा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबावा.

येथे एक इशारा देणे भाग आहे. जुन्या इंजिनांवर काम केलेले फिटर चालू इंजिनात एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधत असत, आणि ती पद्धत त्या काळच्या पंपांना चालणारीही होती. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळणाऱ्या इंजिनात, त्या नळीतला दाब हजार बारच्या वर जातो. इतक्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि तरी ती तातडीने शस्त्रक्रिया करावी लागण्याइतकी गंभीर असू शकते. म्हणून या इंजिनात गळती हाताने चाचपायची नाही आणि चालू असताना त्या नळीचा एकही नट हलवायचा नाही.

संगणकाला जोडून कोड वाचणारी छोटी यंत्रे आता स्वस्तात मिळतात आणि ती उपयोगीही आहेत, फक्त त्यांचे बोलणे नीट समजून घ्यावे. पी००८७ हा कोड रेलमधला डिझेलचा दाब कमी असल्याचे सांगतो. पंप खराब असल्याचे तो सांगत नाही. दाब कमी होण्याचे कारण तुंबलेला फिल्टरही असू शकतो आणि बहुतेक वेळा तेथूनच पाहायला सुरुवात करणे शहाणपणाचे असते. तसेच पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा. टर्बो बदलण्यापूर्वी वर सांगितलेल्या होजच्या क्लिपा पाहाव्यात. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला जाळून साफ करण्यासाठी गाडीला काही काळ सलग वेगात धावावे लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या आणि ही सफाई अर्ध्यात सोडून बंद होणाऱ्या गाडीत इंधनाचा अंश ऑइलमध्ये उतरतो, तेव्हा डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर आनंद मानू नये.

क्लचचे निदान त्या मानाने सोपे आहे. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, आणि क्वचित जळका वास येतो, म्हणजे प्लेट घसरते आहे. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा; इंजिन लगेच बंद पडले तर पकड चांगली आहे, आणि ते चालतच राहिले तर प्लेट संपली आहे. पेडल दाबल्यावर सुरू होणारा खरखराट रिलीज बेअरिंगचा असतो, तर पेडल दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा असतो. प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवलेलाच असतो म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावीत. मजुरी दोनदा देण्यात काटकसर नाही.

गाडी निघताना किंवा पुढून मागे घेताना खालून ‘खट्ट’ असा आवाज येणे ही प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसची, म्हणजे त्याच्या सांध्याची, खूण असते. कमी वेगात चाकाच्या तालावर चूं-चूं वाजते, म्हणजे क्रॉस कोरडा पडला आहे. एका ठरावीक वेगाला कॅबिनचा तळ थरथरतो, तर मधले सेंटर बेअरिंग किंवा त्याचे रबर पाहावे. शाफ्ट हाताने पिळून पाहिला की क्रॉसमधली ढिलाई कळते. तो उतरवण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर खडूने किंवा रंगाने खुणा करून ठेवाव्यात, कारण तुकडे वेगळ्या घरात बसले तर नवा क्रॉस टाकूनही थरथर जात नाही आणि मग दोष नसलेल्या भागांची शोधाशोध सुरू होते. खाली झोपण्याआधी गाडी सपाट जागी गिअरमध्ये लावून चाकांना ठोकळे द्यावेत, आणि उचललेल्या गाडीखाली स्टँड असल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो.

आता पाटे आणि ब्रेक यांविषयी, आणि हे मुद्दाम एकत्र लिहितो. पिकअप घेतली की तिला मागे जादा पाटा टाकून घेणे हा आपल्याकडे जणू पूजेचाच भाग झाला आहे. गाडी बसत नाही, म्हणून ती जास्त माल सोसते, असा समज त्यामागे असतो. चासी, हौजिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा पोकळ आस), व्हील बेअरिंग, टायर आणि ब्रेक मात्र कंपनीतून आले तेवढेच राहतात. त्याहून लपलेली गोष्ट अशी की अनेक पिकअपमध्ये मागच्या हौजिंगजवळ भार ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, ज्याला गॅरेजमध्ये एलएसपीव्ही म्हणतात. चासी आणि हौजिंग यांच्यातले अंतर कमी झाले की तो गाडी भरलेली आहे असे समजून मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो, आणि अंतर जास्त असले की मागची चाके जाम होऊ नयेत म्हणून दाब कमी करतो. जादा पाट्यामुळे भरलेली गाडीही बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्धपोटी राहतात आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो. मग घाट उतरताना पुढच्या चाकांतून जळका वास येतो आणि मालक पॅडच्या नावाने बोटे मोडतो. ज्यांनी पाटा टाकलाच आहे त्यांनी निदान या व्हॉल्व्हची दांडी जाणकाराकडून पुन्हा जुळवून घ्यावी आणि ती गंजून जाम झालेली नाही ना, हेही पाहावे.

गाडी एका बाजूला झुकली असेल तर रिकामी करून, सपाट जागी उभी करून प्रत्येक पाट्याची धार बोटाने चाचपावी. तुटलेल्या पाट्याची चीर बहुधा मधल्या यू बोल्टजवळ असते आणि गंजाची ताजी लाल रेघ तिथे दिसते. मागून पाहताना गाडी तिरकी चालते आहे असे वाटले, तर सेंटर बोल्ट तुटून हौजिंग सरकल्याची शक्यता आहे. पाट्यांचे काम झाल्यावर यू बोल्ट पहिल्या काही दिवसांच्या भरलेल्या धावेनंतर पुन्हा कसून घ्यावे लागतात, आणि हे दुसरे कसणे कोणी आठवणीने करत नाही म्हणूनच सेंटर बोल्ट पुन्हा तुटतो.

ब्रेकच्या तक्रारींत पाय काय सांगतो ते महत्त्वाचे. पेडल स्पंजासारखे लागते आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येते, तर पाइपात हवा आहे. सिग्नलला उभे असताना पायाखालचे पेडल सावकाश खाली जाते आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर मास्टर सिलिंडर आतल्या आत गळत आहे. पेडल लाकडासारखे कडक होऊन गाडी थांबायला जोर लागतो, तर व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बूस्टरची मदत मिळत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे, नाही गेले तर व्हॅक्यूम पंप, त्याची नळी आणि बूस्टर या क्रमाने पाहावे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचते, तेव्हा दोष बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूच्या, न पकडणाऱ्या चाकात असतो. ब्रेक सोडल्यावरही ती खेचत राहते, तेव्हा त्याच बाजूचा कॅलिपर अडकलेला असतो. थोडी धाव झाल्यावर चाकांजवळ हाताचा मागचा भाग नेऊन, स्पर्श न करता, कोणते चाक इतरांपेक्षा जास्त तापले आहे ते पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आणि ही ओल घाटात घात करते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांना उकळते, तर ओल धरलेल्या त्याच ऑइलसाठी किमान मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. डिस्क तापून ऑइल उकळले की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून ऑइल दोन वर्षांनी बदलावे, ते स्वच्छ दिसत असले तरी. डिझेल वाचवण्यासाठी घाटात न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग इंजिनाचा सगळा रोध गमावतात, आणि इंजिनच बंद करणारे त्यापुढे जाऊन बूस्टरचीही मदत घालवतात. साठलेल्या व्हॅक्यूमवर मोजक्याच दाबण्या मिळतात. भरलेल्या गाडीने ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

टायर वाचता आले तर गाडीच्या पुढच्या भागाचे बरेचसे दुखणे आपोआप कळते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट, आणि खवल्यांसारखे खड्डे पडले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. अलाइनमेंट करून घेण्यापूर्वी टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हलवून पाहावेत, कारण ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट दुकानाच्या फाटकापर्यंतच टिकते.

काही वेळी गाडी हाकत गॅरेजला नेणे परवडत नाही. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला किंवा ब्रेकचे पेडल तळाला टेकले, तर गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करावी. ती ओढून न्यायची असेल तर लक्षात ठेवावे की मागची चाके फिरली की शाफ्टमार्फत गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतो, पण इंजिन बंद असल्याने ऑइल उडवणारी आतली चाके स्थिर राहतात आणि बेअरिंग कोरडी फिरतात. जवळच्या वळणापर्यंत याची फिकीर नाही. लांबचे अंतर असेल तर मागची चाके उचलून न्यावीत, किंवा हौजिंगकडचे बोल्ट सोडून प्रॉपेलर शाफ्ट वेगळा करावा, त्याचे मोकळे टोक चासीला तारेने घट्ट बांधावे आणि सोडलेले बोल्ट कॅबिनमध्ये पिशवीत घालून ठेवावेत.